बीमला झोल आलाय, सळई कमी पडली का?

प्रश्न : आमचं घर २०१९ साली बांधलं. हॉलवरचा ५ मीटरचा बीम तेव्हा सरळ होता. आता दोरी ताणली तर मध्ये १८ मिमी झोल दिसतो. वरच्या मजल्याच्या भिंतीला दारापाशी भेगही गेली आहे. मिस्त्री म्हणतो, खाली सळई कमी टाकली. खरं का?
– एक वाचक, कराड

उत्तर : मी आधी विचारीन, वर किती सळया होत्या? पुष्कळ घरांत वर १२ मिमीच्या दोनच असतात, त्याही सळयांभोवतीच्या रिंगा अडकवायला. ‘वर तर दाब, तिथं लोखंड कशाला?’ हे वाक्य नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही ऐटीत म्हटलंय.

बीम भाराखाली वाकला की मध्ये त्याची वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते. दाबाखालचं काँक्रीट वर्षानुवर्षं आखडत राहतं. याला क्रीप म्हणतात. लोखंड तसं आखडत नाही, म्हणून वर सळई असली की भार हळूहळू तिच्या अंगावर सरकतो. शिवाय काँक्रीट सुकतानाही आकसतं. खाली त्याला सळया अडवतात. वर कोणी नसेल तर वरची बाजू जास्त आखूड होते आणि बीम आणखी वाकतो. नुसत्या खालच्या सळया वाढवून हे थांबत नाही.

काँक्रीट बांधकामाच्या अमेरिकी संहितेचा, म्हणजे नियमावलीचा, हिशेब बघा. ९ इंच रुंद, दीड फूट खोल बीम कायमच्या भाराखाली पहिल्या दिवशी ६ मिमी वाकला असं धरा. वर सळईच नसेल तर पाच वर्षांनी तो १८ मिमीवर जातो. १२ च्या दोन असतील तर साधारण पावणेसतरा, १६ च्या तीन असतील तर १५.

आयएस ४५६ या आपल्या काँक्रीटच्या संहितेनुसार तुमच्या बीमला एकूण २० मिमी चालतो. भिंत-फरशी झाल्यानंतरचा मात्र १४ च. तुमची भेग बहुधा त्या नंतरच्या झोलाची. टेकू कधी काढले तेही आठवा. एवढ्या बीमला १४ दिवस हवेत. कोवळ्या काँक्रीटवर भार आला की ते पुढं जास्तच आखडतं.

आता खालून प्लॅस्टर थापून झोल लपवू नका. भेगेवर काचेची पट्टी चिकटवा, तारीख लिहा, दर तीन महिन्यांनी त्याच खुणांवर दोरी लावा. काच तडकली, किंवा कॉलमजवळ बीमला तिरकी भेग दिसली, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला लगेच बोलवा.