चट्ट्यांआधी बोटांकडे पाहा

प्रश्न : माझे पती ४२ वर्षांचे असून शिरोली एमआयडीसीतील एका फाउंड्रीत काम करतात. आठ वर्षांपासून त्यांना सोरायसिस आहे. कोपर, गुडघे, कंबर आणि डोक्यात चट्टे आहेत. अंथरूण झटकले की खवल्यांचा सडा पडतो. मेडिकलमधून आणलेली ट्यूब लावली की बरे वाटते, थांबवली की पुन्हा उठते. गेल्या वर्षी कोणीतरी दिलेल्या पुड्यांनी महिनाभरात अंग स्वच्छ झाले, पण पुड्या संपताच दुप्पट चट्टे आले. आता कोणी लाइट घ्या म्हणते, कोणी इंजेक्शन. सकाळी बोटे आखडल्यामुळे शर्टाची बटणे मला लावून द्यावी लागतात. ते कामामुळे असावे. कोणता उपचार घ्यावा?
— एक वाचक, कागल

उत्तर : बटणांचा उल्लेख आपण जाता जाता केला आहे, पण उपचार त्यावरच ठरणार आहे. कामाने दुखणारा हात संध्याकाळी ठणकतो आणि रात्रीच्या विश्रांतीने मोकळा होतो; याउलट रात्रभर विश्रांती मिळूनही जी बोटे सकाळी अर्धा तास किंवा त्याहून अधिक काळ आखडलेली राहतात, त्यांच्या सांध्यांना सूज असण्याची शक्यता असते. सोरायसिसच्या अनेक रुग्णांना असा संधिवात होतो आणि दुर्लक्ष केल्यास सांधे कायमचे वाकडे होतात. त्यांच्या नखांवर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे दिसतात का, तेही पाहा.

सांधे धरले असतील, तर केवळ मलमाने भागणार नाही आणि लाइटनेही नाही. लाइट म्हणजे नॅरोबँड यूव्हीबी हे अतिनील किरण; त्यांनी चट्टे चांगले उतरतात, पण सांध्यांवर त्यांचा परिणाम होत नाही. शिवाय त्यासाठी आठवड्यातून दोन-तीन वेळा, दोन-तीन महिने कागलहून कोल्हापूरला यावे लागेल, आणि शिफ्टमध्ये काम करणाऱ्याला ते किती जमेल, याचा विचार आधी करावा.

अशा वेळी बहुधा मेथोट्रेक्सेटचा विचार होतो, कारण ते त्वचा आणि सांधे दोन्हींवर काम करते. ही गोळी आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घ्यायची असते; ती चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतू शकते. म्हणून कॅलेंडरवर त्या वारावर खूण करून गोळी आपणच हातात द्यावी. सोबत फॉलिक अ‍ॅसिड देतात, रक्तपेशी आणि यकृताच्या तपासण्या वेळोवेळी कराव्या लागतात आणि दारू पूर्ण बंद ठेवावी लागते.

इंजेक्शने म्हणजे सेक्युकिनुमॅबसारखी बायोलॉजिक, म्हणजे जिवंत पेशींपासून बनवलेली, औषधे. ती गुणकारी आहेत, परंतु महाग आहेत आणि सुरू करण्यापूर्वी सुप्त क्षयरोगाची तपासणी आवश्यक असते. गोळ्यांनी गुण आला नाही किंवा त्या सोसल्या नाहीत, तर त्यांचा विचार करावा.

पुड्यांचे वर्णन वाचून त्यांत स्टेरॉइड असल्याचा दाट संशय येतो. पोटात घेतलेले स्टेरॉइड एकाएकी थांबल्यावर कधी कधी अंगभर पूयुक्त फोड येतात किंवा सारे अंग लाल होते, आणि मग रुग्णालयात दाखल व्हावे लागते. अद्याप अशी एखादी पुडी सुरू असेल तर ती परस्पर बंद न करता डॉक्टरांना दाखवावी. मेडिकलमधून आणलेली ट्यूबही सोबत न्यावी, कारण तीव्र स्टेरॉइड वर्षानुवर्षे लावल्याने कातडी पातळ होते. कोल्हापूरच्या सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) या सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात जाताना सांध्यांची तक्रार सर्वांत आधी सांगावी. डॉक्टर विचारतील तेव्हा सांगू, असे ठेवू नये.

प्रश्न : सोरायसिसमुळे तांबडा रस्सा बंद करावा का?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : रश्श्यामुळे सोरायसिस होत नाही. एखादा पदार्थ खाल्ल्यावर खाज वाढते असा स्वतःचा अनुभव असेल तर तेवढाच टाळावा. वजन जास्त असल्यास ते उतरवल्याने मात्र आजारही सौम्य होतो आणि औषधेही अधिक लागू पडतात, त्यामुळे वाटीवर वाटी घेताना तर्रीचा हिशेब ठेवावा. रश्श्यासोबत दारू असेल, तर बंद करायची ती दारू.