जपानी माणसाच्या घरी जेवायला जाताना काय पाळायचं? भातातल्या काड्या, ४ आकडा हे सगळं ते खरंच मानतात का?

तुम्ही लिहिलंय की ऑफिसच्या कामासाठी नागोयाला जाताय, तिथल्या सहकाऱ्याने घरी जेवायला बोलावलंय आणि 'जपानमध्ये हे करू नका' छापाच्या याद्या वाचून डोकं भणाणलंय. मी नोकरीनिमित्त याच शहरात राहते, तेव्हा जे पाहते त्यावरून सांगते.

त्या याद्यांत सगळे नियम एकाच मापाने मांडलेले असतात, गोंधळ तिथेच होतो. किती वाकून नमस्कार करायचा, नूडल्स ओरपायच्या की नाही, यात पाहुण्याचं काही इकडचं तिकडे झालं तरी कोणी मनावर घेत नाही. पण मोजक्या गोष्टी अशा आहेत की त्या पाहून घरातल्या आजींच्या काळजात चर्र होईल. त्या बहुतेक सगळ्या एकाच ठिकाणाहून आल्या आहेत: गेलेल्या माणसासाठी जे करतात, ते जिवंत माणसांच्या पंगतीत करायचं नाही.

आधी भाताचं. बौद्ध पद्धतीत माणूस गेला की त्याच्या उशाशी त्याच्याच वाडग्यात शिगोशीग भात ठेवतात आणि त्यात त्याच्या हाशी, म्हणजे जेवायच्या काड्या, उभ्या खोवतात. म्हणून जेवताना हात मोकळा करायचा असेल तर हाशी समोरच्या छोट्या टेकूवर आडव्या ठेवायच्या. टेकू नसेल तर कागदी वेष्टनाची घडी घालून त्यावर ठेवल्या तरी चालतं.

दुसरं, आपल्या काड्यांतला घास समोरच्याच्या काड्यांत द्यायचा नाही. जपानमध्ये जवळजवळ सगळ्यांचं दहनच होतं. नंतर जवळचे नातेवाईक भट्टीतून आलेल्या अस्थींभोवती उभे राहतात आणि लांब काड्यांनी त्या कलशात ठेवतात. एकच अस्थी दोघांनी मिळून उचलायची, किंवा एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत द्यायची. सुरुवात पायांपासून करतात, म्हणजे कलशात माणूस उलटा होत नाही. मानेतला एक मणका बसलेल्या बुद्धासारखा दिसतो असं मानतात, तो सगळ्यात शेवटी सर्वांत जवळच्या माणसाने ठेवायचा. ज्यांनी आपल्या आईला, वडिलांना असं कलशात ठेवलंय, त्यांना जेवणाच्या टेबलावर तीच हालचाल पाहून काय वाटत असेल, याचा विचार केला की नियम पाठ करावा लागत नाही. कोणाला काही द्यायचं असेल तर त्यांच्या ताटलीत ठेवा.

सहलीत गरम झऱ्यांच्या हॉटेलात उतरलात तर खोलीत युकाता हा सुती झगा असतो. त्याची उजवी बाजू आत आणि डावी वर घ्यायची. उलटं नेसवतात ते फक्त मृताला. अंत्यविधीत अशा कितीतरी क्रिया मुद्दाम उलट्या करतात: मृताला स्नान घालायला नेहमीसारखं गरम पाण्यात विसण न घालता गार पाण्यात गरम पाणी ओततात, पूर्वी जवळ ठेवायचा घडीचा पडदासुद्धा उलटा उभा करत. श्राद्धाला जानवं अपसव्य करताना ज्याने पाहिलंय, त्या मराठी माणसाला हे वेगळं समजवायची गरज नाही.

शोकप्रसंगी द्यायच्या पैशांचं पाकीट तुम्हाला या फेरीत लागणार नाही, पण मला यातलं बारकाव्याने पाळणं फार भावतं, म्हणून सांगते. एका सहकाऱ्याचे वडील गेले तेव्हा मी त्सुयाला, म्हणजे अंत्यविधीच्या आदल्या संध्याकाळच्या प्रार्थनेला गेले होते. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी मला आधी सगळं नीट शिकवलं. पाकिटावर काळी-पांढरी दोरी, नाव फिकट शाईने, आणि आत वापरलेल्या नोटा. कोऱ्याच असतील तर मधोमध एक घडी घालायची, कारण कोऱ्या नोटा म्हणजे आधीपासून तयारी करून ठेवल्यासारखं दिसतं. लग्नात याच्या अगदी उलट. बँकेतून मुद्दाम कोऱ्या करकरीत नोटा आणायच्या आणि रक्कम सहसा ३०,००० येन, म्हणजे दहा हजारांच्या तीन नोटा, कारण सम आकडा दुभंगतो. दोरीची गाठ मात्र दोन्हीकडे अशी की सुटू नये. त्सुयाहून निघताना परतभेटीसोबत मिठाची छोटी पुडी मिळाली. घरात पाऊल टाकण्याआधी ते मीठ छातीवर, पाठीवर आणि पायांवर शिंपडायचं. बौद्धांमधला जोदो शिन्शू हा मोठा पंथ मात्र हे मीठ मानत नाही. मरणात अपवित्र काही नाही, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं.

आता तुमचा खरा प्रश्न, हे मानतात का? ४ चा उच्चार 'मृत्यू'सारखा आणि ९ चा 'यातने'सारखा, त्यामुळे काही इस्पितळांत त्या क्रमांकांच्या खोल्या नसतात. गाडीच्या नंबरात शेवटचे दोन आकडे ४२ किंवा ४९ मागितल्याशिवाय देत नाहीत. दिनदर्शिकेवर सहा प्रकारचे शुभ-अशुभ दिवस छापलेले असतात. त्यातल्या तोमोबिकी या दिवशी अंत्यविधी केला तर मृत माणूस सोबतीला कोणाला तरी ओढून नेतो असं म्हणतात, आणि अनेक दहनगृहं त्या दिवशी बंदच असतात. पश्चिम जपानात काही ठिकाणी तरीही विधी करायची वेळ आली तर शवपेटीत एक बाहुली ठेवतात. पंचकात कोणी गेलं की आपल्याकडे पाच पुतळे सोबत जाळतात, तो विचार इतक्या लांब जसाच्या तसा सापडल्यावर मी थक्क झाले. तरुण मुलं हे हसून सांगतात, पण लग्नाचा हॉल ठरवताना तारीख आईवडिलांना विचारूनच घेतात.

एका समजुतीचा मात्र मला राग येतो. ६० वर्षांच्या चक्रात 'हिनोए-उमा' म्हणजे अग्नी-अश्वाचं वर्ष येतं. त्या वर्षी जन्मलेली मुलगी तापट असते, नवऱ्याचं आयुष्य खाते, अशी समजूत. प्रियकराला भेटता यावं म्हणून आग लावली या आरोपावरून १६८३ मध्ये जाळून मारलेली एदोतली (म्हणजे जुन्या टोकियोतली) ओशिची ही भाजीवाल्याची मुलगी त्याच वर्षातली होती, असं सांगत आले. १९६५ साली जपानमध्ये सुमारे १८ लाख २३ हजार बाळं जन्मली, १९६६ या अग्नी-अश्वाच्या वर्षी सुमारे १३ लाख ६१ हजार, आणि पुढच्याच वर्षी १९ लाख ३५ हजार. टीव्ही आणि बुलेट ट्रेन आलेल्या देशात हे घडलं. त्यानंतरचं अग्नी-अश्वाचं वर्ष २०२६. मंगळाच्या पत्रिकेपायी आपल्या मुलींनी जे सोसलंय, त्याहून हे वेगळं नाही. भातात काड्या न खोवणं हा गेलेल्यांचा मान आहे, हा प्रकार तसा नाही, आणि दोन्हींना एकाच यादीत बसवू नये असं मला मनापासून वाटतं.

राहिलं तुमचं जेवण. दारातल्या खोलगट जागेत बूट काढा आणि वर चढल्यावर ते दाराकडे तोंड करून ठेवा. चटयांच्या खोलीत सपाताही नको. संडासातल्या सपाता वेगळ्या असतात, त्या तिथेच सोडा. भेट पिशवीतून काढून दोन्ही हातांनी द्या, चार नगांचा संच टाळा, आणि ती तुमच्यासमोर उघडली नाही तर वाईट वाटून घेऊ नका. स्वतःचा ग्लास स्वतः भरू नका, शेजाऱ्याचा भरा, तो तुमचा भरेल. शाकाहारी असाल तर आजच कळवा, आणि नुसतं 'मांस नको' म्हणू नका. इथल्या सूपच्या पाण्यातच वाळवलेल्या माशाचा अर्क असतो आणि तो कोणी मासा म्हणून धरत नाही. यजमानाला आयत्या वेळी कळलं तर त्याला फार लागतं.

जेवणाआधी हात जोडून 'इतादाकिमास', झाल्यावर 'गोचिसोसामा देश्ता'. आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात भेट झाली की कामाचं बोलण्याआधी कालच्या जेवणाबद्दल पुन्हा एकदा आभार माना. हे याद्यांत क्वचितच असतं, पण इथे ते नक्की लक्षात ठेवलं जातं.