कमी लेखलेले सिनेमे, आणि ज्यांनी निराश केलं ते

तुमचा प्रश्न असा होता की 'अंडररेटेड' म्हणून ज्या याद्या फिरतात त्यांत तीच ती नावं असतात, तर खरोखर कमी लेखले गेलेले सिनेमे कोणते आणि कोणत्या सिनेमांनी सगळ्यात जास्त निराशा केली. शिवाय हे ठरवायचं कशावरून, असंही विचारलं होतंत. शेवटच्या भागापासून सुरुवात करतो, कारण बाकीचं उत्तर त्यावरच उभं आहे. (पुढे कथानकं उघड केली आहेत. ज्यांनी तो सिनेमा पाहिला नसेल त्यांनी तेवढा परिच्छेद गाळावा.)

इतकी वर्षं सिनेमे बघून माझं एक मत पक्कं झालंय. सिनेमा दुर्लक्षित का राहिला, याचं कारण बहुतेक वेळा सिनेमाच्या बाहेर सापडतं: प्रदर्शनाची तारीख, नाव, जाहिरात, त्या आठवड्यात दुसरं काय लागलं होतं. निराशेचं कारण मात्र सिनेमाच्या आत असतं आणि त्यावर बोट ठेवता येतं. म्हणून मी कुणाशीही वाद घालताना अख्ख्या सिनेमाबद्दल बोलत नाही, एक प्रसंग पुढे ठेवतो. कमी लेखलेला म्हणताय? मग ज्या प्रसंगासाठी तो पुन्हा बघावा असा एक तरी सांगा. निराश झालात? मग गाडी रुळावरून कुठे घसरली ते दाखवा.

आधी थोडी साफसफाई. 'द शॉशँक रिडेम्प्शन' १९९४ साली चालला नाही, पण आज तो सगळ्यांच्या आवडत्या सिनेमांत असतो. जॉन कार्पेंटरचा 'द थिंग' २५ जून १९८२ ला आला, त्याच दिवशी 'ब्लेड रनर' लागला आणि दोन आठवडे आधीपासून 'ई. टी.'ने सगळ्यांची मनं जिंकली होती. गोड परग्रहवासीयाच्या प्रेमात पडलेल्या प्रेक्षकांना अंटार्क्टिकातलं ते किळसवाणं रूप बदलणारं प्रकरण नकोसं झालं. पण त्यातली रक्ततपासणी बघा. माणसाचं रूप घेतलेला जीव कोण, हे ओळखायला नायक कर्ट रसेल एकेकाच्या रक्ताला तापवलेली तार लावतोय. त्याचा संशय गॅरी या साथीदारावर आहे, तो गॅरीशी हुज्जत घालतोय, आपलंही लक्ष गॅरीकडे, आणि बोलता बोलता सहज म्हणून दुसऱ्याच्या रक्ताला तार लागते आणि ते उसळतं. दिग्दर्शकाने संवादाच्या आडून आपली नजर हलवली. हा प्रसंग आता दिग्दर्शनाच्या चर्चांत हमखास येतो. तेव्हा या दोघांवर अन्याय झाला होता खरा, पण त्याची भरपाईही झाली आहे. त्यांना अजून 'अंडररेटेड' म्हणत राहिलं की ज्यांची भरपाई व्हायची आहे त्यांची जागा अडते.

त्यांत माझ्या लेखी पहिलं नाव विल्यम फ्रीडकिनच्या 'सॉर्सरर'चं, साल १९७७. चार देशांत गुन्हे करून पळालेले चार जण दक्षिण अमेरिकेतल्या एका गचाळ वस्तीत अडकलेत. दूरवर तेलविहिरीला आग लागते, ती विझवायला डायनामाइट हवं, आणि आहे ते इतकं जुनं की त्यातून नायट्रोग्लिसरीन पाझरून खोक्यांच्या तळाशी साचलंय. जरा जोरात हादरा बसला की सगळं संपलं. ते दोन ट्रकमधून जंगलातून न्यायचं. एवढीच गोष्ट. जॉर्ज आर्नो यांच्या ज्या कादंबरीवर फ्रेंच दिग्दर्शक क्लुझोने १९५३ साली सिनेमा केला होता, तिच्यावरच हाही आहे.

आता पुलाचा प्रसंग. वादळ, खाली फुगलेली नदी, वर दोर आणि फळ्यांचा झुलता पूल, त्याच्या अर्ध्या फळ्या कुजलेल्या. एक जण ट्रक चालवतोय आणि दुसरा भर पावसात पुढे उभा राहून चाक कुठे टाकायचं ते हाताने दाखवतोय. ट्रक एका बाजूला कलतो, इतका की आता गेलाच असं वाटतं, आणि पुन्हा सावरतो. पुढच्या माणसाच्या पायाखालची फळी मोडते. नदीतून उन्मळून आलेलं झाड पुलावर आदळतं. हे सगळं प्रत्यक्ष चित्रित केलेलं आहे. पुलाखाली हायड्रॉलिक यंत्रणा बसवून ट्रकचं कलणं ताब्यात ठेवलं होतं. पहिल्या जागी, डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये, नदीच आटली, म्हणून पूल मेक्सिकोत नेऊन पुन्हा उभारला. मला मात्र या करामतीपेक्षा त्यातला वेळ महत्त्वाचा वाटतो. फ्रीडकिन घाई करत नाही. एकेक वीत पुढे सरकताना आपणही श्वास धरून बसतो, आणि पलीकडे पोचल्यावर कुणी आनंदाने ओरडत नाही, कारण माणसांत तेवढं त्राणच उरलेलं नाही.

मग हा पडला का? 'स्टार वॉर्स' २५ मे १९७७ ला आला आणि 'सॉर्सरर' त्यानंतर महिन्याभरात. लोकांना तेव्हा अवकाशात उडायचं होतं, चिखलात रुतायचं नव्हतं. दुसरं कारण नाव. 'सॉर्सरर' म्हणजे मांत्रिक, आणि दिग्दर्शक 'द एक्झॉर्सिस्ट' या भयपटाचा. प्रेक्षक भुताखेतांच्या अपेक्षेने गेले आणि समोर ट्रक. ते नाव सिनेमातल्या एका ट्रकच्या अंगावर रंगवलेलं आहे, बाकी त्याचा कथेशी थेट संबंध नाही. त्यात सुरुवातीचा बराच भाग इंग्रजीत नाही. यातली एकही गोष्ट सिनेमाच्या दर्जाबद्दल काही सांगत नाही. हा दुसऱ्या नावाने, दुसऱ्या वर्षी आला असता तर आज आपण त्याच्याबद्दल वेगळं बोललो असतो, यावर माझा पूर्ण विश्वास आहे.

दुसरा, 'द नाइट ऑफ द हंटर', १९५५. चार्ल्स लॉटन या मोठ्या नटाने दिग्दर्शित केलेला एकमेव सिनेमा. तेव्हा तो चालला नाही, आणि त्यानंतर लॉटनने पुन्हा सिनेमा दिग्दर्शित केला नाही. समीक्षकांनी त्याला केव्हाच डोक्यावर घेतलंय, पण सामान्य प्रेक्षक अजून त्याच्यापर्यंत पोचलेला नाही, म्हणून यादीत घेतो. खून करून बुडवलेली, पाण्याखाली गाडीत बसलेली एक बाई आणि पाणवनस्पतींबरोबर संथ हलणारे तिचे केस. एवढी भयानक गोष्ट एवढ्या शांतपणे दाखवलेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

आणि आपल्या भाषेतला 'विहीर'. उमेश कुलकर्णींचं नाव काढलं की लोक 'वळू' आणि 'देऊळ' म्हणतात, 'विहीर' मधल्यामध्ये राहून जातो. समीर आणि नचिकेत ही नात्यातली दोन मुलं, आणि नचिकेत विहिरीत बुडून जातो. असं कथानक हातात आल्यावर रडवायचा मोह कुणालाही झाला असता. हा सिनेमा तो मोह टाळतो आणि समीरच्या एका साध्या प्रश्नामागे जातो: तो गेला म्हणजे नक्की कुठे गेला? लपाछपीतल्या मुलाने गडी शोधावा तसा तो त्याला शोधत राहतो. याची गती संथ आहे, अशी तक्रार मी खूपदा ऐकली. मला ती पटत नाही. जवळचं माणूस गेल्यानंतरचे दिवस असेच जातात, आणि त्या वयात तर दिवस संपता संपत नाही.

आता निराशेकडे येतो. वाईट सिनेमा आणि निराश करणारा सिनेमा, यांची गल्लत करू नये. ज्याच्याकडून काही मागितलंच नव्हतं त्याने निराश काय करायचं? निराश तोच करतो ज्याच्यात चांगलं काहीतरी होतं आणि ते आपल्याला दिसलं होतं.

माझी सगळ्यात मोठी निराशा म्हणजे 'द हॉबिट'चे तीन भाग, २०१२ ते २०१४. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'ची तीन पुस्तकं, तीन सिनेमे, हिशेब बरोबर होता. 'द हॉबिट' हे मुलांसाठी लिहिलेलं एक आटोपशीर पुस्तक. त्याचे आधी दोन भाग ठरले होते, आणि पहिला भाग पडद्यावर यायला काही महिने उरले असताना तीन करायचं जाहीर झालं. आधीचे दिग्दर्शक गिलेर्मो देल तोरो २०१० मध्ये बाहेर पडले, पीटर जॅक्सन यांनी सूत्रं घेतली आणि पूर्वतयारीला पुरेसा वेळ मिळाला नाही, हे जॅक्सन यांनी स्वतःच सांगितलं आहे. म्हणून दोष एका माणसाच्या माथी मारणं बरोबर होणार नाही. पण लांबी आधी ठरली आणि गोष्ट नंतर ताणली गेली, हे पडद्यावर लपत नाही.

माझं बोट पिंपांच्या प्रसंगावर आहे. पुस्तकात बिल्बो, म्हणजे तो हॉबिट, आपल्या बुटक्या साथीदारांना पिंपांत भरून झाकणं लावतो आणि ती पिंपं नदीत सोडून देतो. मग त्याच्या लक्षात येतं की आपल्याला बंद करायला कुणी उरलंच नाही. तो तसाच एका पिंपाला लटकून, गारठत, अंधारात वाहत जातो. आतले जिवंत आहेत की गुदमरले, त्याला माहीत नाही. त्याचं एकटेपण आणि त्याची जबाबदारी, दोन्ही त्या थंड पाण्यात आहेत. सिनेमात पिंपं उघडी, लख्ख दिवस, दोन्ही काठांवर ऑर्क या राक्षसांची फौज, उड्या, कसरती, बाण. डोळे दिपतात, पण बिल्बो त्या गर्दीत हरवून जातो, आणि सिनेमा तर त्याच्या नावाचा आहे! पुस्तकात नसलेली टॉरिएल आणि तिची प्रेमकथा, ड्रॅगनवर वितळलेलं सोनं ओतण्याचा प्रकार, यांच्याबद्दल वेगळं सांगायला नको.

आणि तरी पहिल्याच भागात गुहेतल्या कोड्यांचा प्रसंग आहे. बिल्बो झालेला मार्टिन फ्रीमन आणि गॉलम हा गुहेतला जीव झालेला अँडी सर्किस, दोघंच, अंधार, आणि हरला तर जीव जाणार. शेवटी अदृश्य झालेला बिल्बो गॉलमच्या गळ्याशी तलवार धरतो, त्याचा चेहरा बघतो आणि मारत नाही. ते काही क्षण मूळ पुस्तकाइतके खरे आहेत. हा प्रसंग नसता तर मी या सिनेमांना केव्हाच विसरलो असतो. तो आहे म्हणून राग येतो.

'द गॉडफादर पार्ट थ्री' (१९९०) बद्दल माझं मत जरा वेगळं आहे. दुसऱ्या भागानंतर सोळा वर्षांनी आला आणि सगळं खापर सोफिया कोपोलाच्या अभिनयावर फुटलं. विनोना रायडरने ऐनवेळी भूमिका सोडली आणि दिग्दर्शकाची ही मुलगी त्या जागी उभी राहिली. तिचे संवाद कच्चे आहेत, मान्य. पण सिनेमात खरी पोकळी आहे ती टॉम हेगनची, म्हणजे माफिया कुटुंबाचा प्रमुख मायकेल याच्या वकिलाची. रॉबर्ट डुव्हल मानधनाच्या वादामुळे आलेच नाहीत. पहिल्या दोन भागांत मायकेलला समोरासमोर प्रश्न विचारू शकणारा, घरातला असून बाहेरचा असा एकच माणूस होता. तोच नसल्यावर मायकेलचा पश्चात्ताप हवेत विरतो, कारण तो ऐकायला योग्य माणूस समोर नाही. तरीही ऑपेराच्या पायऱ्यांवर मुलगी डोळ्यांसमोर मेल्यावर मायकेल तोंड उघडतो आणि आवाजच येत नाही, फक्त संगीत, आणि मग उशिरा ती किंकाळी फुटते, ते बघताना आजही माझ्या अंगावर काटा येतो.

शेवटी एका सिनेमाबद्दल सांगायलाच हवं, कारण त्याने माझी वर लिहिलेली कसोटीच हलवली. स्पीलबर्गचा 'ए. आय.', २००१. हा प्रकल्प मुळात स्टॅनली कुब्रिकचा. ते १९९९ साली गेले आणि स्पीलबर्गने तो पूर्ण केला. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी पुरता निराश झालो होतो. सिनेमा समुद्राच्या तळाशी संपायला हवा होता, पुढची वीसेक मिनिटं स्पीलबर्गने भावुकपणाने जोडली, असं मी बऱ्याच जणांना ठासून सांगितलं. ते शेवटचे उंच, सडपातळ जीव परग्रहावरचे आहेत असंही मी समजत होतो. ते परग्रहावरचे नाहीत, ते पुढच्या काळातले यंत्रमानव आहेत, सिनेमाचा नायक असलेल्या डेव्हिड या यंत्रमानव मुलाचेच वंशज. आणि तो शेवट कुब्रिकच्या आराखड्यातच होता.

हे कळल्यावर मी पुन्हा बघायला बसलो. सुरुवातीला डेव्हिड आईला सांगतो की मला झोप लागू शकत नाही, मी फक्त शांत पडून राहू शकतो. एका रात्री तो तिच्या केसांची बट कापतो, त्यावरून घरात भीती शिरते आणि पुढे त्याला जंगलात सोडून देण्यापर्यंत गोष्ट जाते. तीच बट टेडी अस्वलाने जपून ठेवलेली असते, आणि दोन हजार वर्षांनंतर त्या बटेवरून आई फक्त एका दिवसासाठी परत आणता येते. त्या दिवसात नवरा नाही, दुसरा मुलगा नाही, घर डेव्हिडच्या आठवणीतून उभं केलेलं. आई त्याला हवं तेच बोलते. ती खरंच ती आहे, की त्याच्या इच्छेने घेतलेला आकार? सिनेमा सांगत नाही. दिवस संपतो, ती झोपते, ती आता उठणार नाही, आणि तिच्या शेजारी डेव्हिडला आयुष्यात पहिल्यांदा झोप लागते. ज्याला मी गोडगोड म्हणत होतो तो मी पाहिलेल्या सगळ्यात थंड, सगळ्यात दुःखी शेवटांपैकी एक निघाला. निराशेचं कारण सिनेमाच्या आत असतं असं मी वर म्हणालो, पण या वेळी ते माझ्यात होतं. मी अर्धवट बघितलं होतं.

म्हणून 'द हॉबिट'ही मी नंतर पुन्हा पाहिला, पूर्ण, न्याय द्यायचा म्हणून. मत बदललं नाही. पिंपांचा प्रसंग तसाच वाटला आणि कोड्यांचा आणखी आवडला.

तुम्ही यातला एकच बघणार असाल तर 'सॉर्सरर' बघा, आणि शक्यतो २०१३ मध्ये फ्रीडकिनच्या देखरेखीखाली नव्याने तयार झालेली प्रत मिळवा. पहिली वीस-पंचवीस मिनिटं चार वेगळ्या शहरांत जातात आणि काय चाललंय ते कळत नाही, तिथे सोडून देऊ नका. पुलाचा प्रसंग तेवढा वेगळा काढून मोबाइलवर बघू नका. त्या चौघांबरोबर तिथवर चालत जा. पाहून झाला की तुम्हाला कुठला प्रसंग पटला आणि कुठला नाही ते लिहा, मला वाचायचंय.