एका प्रश्नामागचे पाणी

प्रश्न : माझी मुलगी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असून अभ्यासासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घेते. तिच्या प्रत्येक प्रश्नामागे बाटलीभर पाणी वाया जाते, असे तिचे काका सांगतात. याच तंत्रज्ञानामुळे सौरऊर्जेच्या अडचणी सुटतील, असेही वाचनात येते. आमच्या छपरावर सौर पॅनेल आहेत, म्हणून विचारतो, यांतले खरे काय?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : बाटलीची गोष्ट निराधार नाही, सांगोवांगीत ती फुगली, एवढेच. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड येथील संशोधकांनी २०२३ मध्ये मांडलेला अंदाज जीपीटी-३ या आता जुन्या झालेल्या प्रणालीच्या १० ते ५० मध्यम लांबीच्या उत्तरांमागे मिळून अर्धा लिटर असा होता, आणि त्यात डेटा सेंटरमधील, म्हणजे ही प्रणाली चालवणाऱ्या मोठ्या संगणक केंद्रांतील, यंत्रे थंड ठेवताना वाफ होऊन उडणाऱ्या पाण्याबरोबरच वीजनिर्मितीसाठी लागणारे पाणीही धरले होते. याउलट गूगलने ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या जेमिनी या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीला विचारलेल्या सर्वसाधारण लेखी प्रश्नासाठी ०.२४ वॅट-तास वीज आणि ०.२६ मिलिलिटर, म्हणजे सुमारे पाच थेंब पाणी लागते, असे जाहीर केले. या हिशेबात वीजकेंद्रातले पाणी नाही. आपला हिशेब आपणच मांडणाऱ्याने काय धरले आणि काय सोडले, हे नेहमी पाहावे. तरीही एवढ्या विजेवर ९ वॅटचा एलईडी दिवा जेमतेम दीड मिनिट चालेल, तेव्हा मुलीला अडवण्याचे कारण मला दिसत नाही. चित्रफिती तयार करून घेण्याचा नाद असेल, तर मात्र खर्च कितीतरी पटींनी वाढतो.

काळजी आहे ती एकूण बेरजेची. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाप्रमाणे जगातील सर्व डेटा सेंटरांनी २०२४ मध्ये सुमारे ४१५ अब्ज युनिट, म्हणजे जगाच्या वीजवापराच्या दीड टक्का वीज वापरली. २०३० पर्यंत हा आकडा सुमारे ९४५ अब्जांवर जाईल, आणि या वाढीमागे कृत्रिम बुद्धिमत्ता हे प्रमुख कारण आहे. शिवाय हा भार जगभर सारखा पसरत नाही, तो मोजक्या गावांच्या विजेवर आणि पाण्यावर पडतो.

आता सौरऊर्जेविषयी. ऊन आणि वारा सांगून येत नाहीत, आणि नेमका तो अंदाज बांधण्यात कृत्रिम बुद्धिमत्ता उपयोगी पडते. गूगलच्याच डीपमाइंड या कंपनीने अमेरिकेतील ७०० मेगावॅट पवनऊर्जेचा अंदाज ३६ तास आधी वर्तवून त्या विजेचे मोल सुमारे २० टक्क्यांनी वाढवल्याचे २०१९ मध्ये सांगितले होते. मृगाचे ढग दाटले की आपल्या पॅनेलांचे काय होते, हे आपण पाहतच असाल; ती घट आदल्या दिवशी कळली, तर वीज खात्याला बाहेरून किती वीज घ्यायची हे नीट ठरवता येईल. पण अंदाजातून वीज निर्माण होत नाही. गोव्यात मोठे वीजकेंद्र नाही, आणि दिवेलागणीला पॅनेल थंडावल्यावर छत्तीसगडमधील कोरब्यासारख्या कोळशावरील केंद्रांचाच मुख्य आधार उरतो. त्यावर उपाय साठवणुकीच्या बॅटऱ्या आणि नव्या वीजवाहिन्या. वाहिनी कोणत्या रानातून न्यावी, हे संगणक ठरवू शकत नाही, हे मोलेच्या जंगलातून वीजवाहिनी नेण्याविरुद्ध २०२० मध्ये झालेल्या आंदोलनानंतर गोमंतकीयांना सांगण्याची गरज नाही.

तोवर पाण्याचा पंप आणि कपड्यांचे यंत्र भर दुपारी चालवावे. नेट मीटरिंगमुळे, म्हणजे पॅनेलांची जादा वीज बिलातून वजा होत असल्यामुळे, बिलात फारसा फरक दिसणार नाही, पण संध्याकाळचा तेवढा भार कमी होईल.