भरीत पार्टीतून उठून गेलेला हवालदार

(चोपडा तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र : नवरा हवालदार. दिवाळीपासून मुलावर खेकसतो, रात्री तीनला उठून ओट्यावर बसतो, भाचीच्या हळदीलाही आला नाही. 'वर्दीचा माज चढलाय. यांना माणसांत कसं आणू?')

ताई, हळदीचं राहू द्या. तुम्ही एक ओळ जाता जाता लिहिलीत : 'जेठांच्या शेतात भरीत पार्टी होती, वांगी भाजायला घेतली तसे हे उठले आणि लांब मोटरसायकलवर जाऊन बसले, सगळ्यांचा अपमान झाला.' त्याआधी दोन पानं वर आहे : 'दिवाळीच्या तोंडावर एका जळीत केसला दोन दिवस घरी नव्हते.' ही दोन वाक्यं शेजारी ठेवून वाचा बरं.

जळीत केस म्हणजे काय, माहीत आहे? जळून मेलेल्या बाईच्या लग्नाला सात वर्षं झाली नसतील तर पंचनाम्याला तहसीलदार यावे लागतात. तोवर प्रेताजवळ हवालदारच उभा. मग प्रेत घेऊन सिव्हिल, पोस्टमॉर्टेम होईपर्यंत थांबायचं, नातेवाइकांचा आक्रोश ऐकायचा, सही घेऊन ताबा द्यायचा. डोळे मिटता येतात, नाक मिटता येत नाही. कपाशीच्या काड्यांवर वांग्याची साल करपायला लागली की तुम्हाला पुरी आठवते, त्यांना ते जळालेलं प्रेत आठवतं. झोपमोड, चिडचिड, माणसं टाळणं हे सगळं महिन्याच्या वर टिकलं, की तो स्वभाव नसतो, आघाताचा आजार असू शकतो. त्यावर उपचार आहेत. माज म्हणे! जेठांच्या अपमानाचं मला काही वाटत नाही.

आता एकच काम करा. ते जेवून शांत बसलेले असताना, मुलं झोपल्यावर, इतकंच विचारा : 'त्या दिवशी धुराचा वास सहन झाला नाही का?' काय पाहिलं ते खोदून विचारू नका. 'हो' म्हणाले किंवा नुसते गप्प राहिले, तरी १४४१६ ला फोन लावा. टेली मानस, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. त्यांनी नाही घेतला तर तुम्ही बोला. नंतर साप्ताहिक सुट्टीला, रविवार सोडून, सकाळीच धुळ्याच्या हिरे मेडिकल कॉलेजची मानसोपचार ओपीडी गाठा. आपल्या तालुक्यात ओळखीचं कुणीतरी भेटतंच, म्हणून धुळं. ठाण्यात कळेल ही त्यांची भीती खरी आहे. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे, हे त्यांना आधीच सांगा. झोपेसाठी 'थोडी' घेत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. दारूनं डोळा लागतो, पण मध्यरात्रीनंतर झोप तुटते. तीनचा ओटा त्यातलाही असेल.

जगण्याला कंटाळल्याची भाषा निघाली, तर सुट्टीची वाट पाहायची नाही. त्याच दिवशी निघा.

आणि घरात सध्या वांगी भाजू नका. वासाची हळूहळू सवय लावणं डॉक्टरांच्या हातचं काम, तुमच्या चुलीचं नाही. भरीत खावंसं वाटलंच तर जाऊबाईंकडे जाऊन खा, आणि ते का आले नाहीत असं कुणी विचारलं, तर 'ड्युटी' म्हणा.