ढगातून उतरताना : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळच्या टपालात सीमाभागातली बरीच पत्रं एकाच अडचणीची आहेत. लढाऊ विमानाचा सिम्युलेटर घेतला, उडायला जमलं, नेम धरायलाही जमलं, पण ढग आले की उतरणं जमत नाही. त्यातले निवडक प्रश्न इथे घेतलेत. डीसीएस हा तो सिम्युलेटर, आणि कुताइसी, बातुमी वगैरे त्याच्या कॉकेशस नकाशावरचे विमानतळ. आयएलएस म्हणजे जमिनीवरून लहरी सोडून ढगातही उतरायचा रस्ता दाखवणारी यंत्रणा. तिचा उभा काटा डावी-उजवीकडची चूक दाखवतो, आडवा काटा उंचीची.

प्रश्न : डीसीएसमध्ये एफ-१६ घेऊन कुताइसीला आयएलएसवर उतरायचं आहे. १०९.७५ फ्रिक्वेन्सी टाकली, सगळं करून बघितलो, पण काटे हलंनातच. कुठं चुकतंय? (एक वाचक, निपाणी)

उत्तर : फ्रिक्वेन्सी बरोबर आहे. म्हणजे दोष विमानात तरी आहे, नाहीतर वाऱ्यात.

आधी विमान बघू. डावीकडच्या ऑडिओ-२ पॅनेलवर आयएलएसची गोल खुंटी असते. बंद विमान पहिल्यापासून सुरू केलं असेल तर ती बंदच असते. ती उजवीकडे फिरवा. मग समोरच्या कीपॅडवर टी-आयएलएस दाबा, १०९७५ असं टिंबाशिवाय टाइप करा आणि एंटर दाबा. एंटर विसरलात तर आकडा दिसतो, पण यंत्राने घेतलेला नसतो. हे फार वेळा होतं. त्यानंतर डॉबर (कीपॅडवरची चारही बाजूंना हलणारी छोटी कळ) खाली ओढून कोर्सच्या रकान्यात जा, धावपट्टीची दिशा तीन आकड्यांत भरा आणि पुन्हा एंटर. शेवटी गुडघ्यांमधल्या एचएसआयच्या (दिशा दाखवणाऱ्या पडद्याच्या) एम बटणाने मोड बदलत राहा. मोडच्या नावात पीएलएस ही अक्षरं आली पाहिजेत. नुसत्या एनएव्ही मोडवर काटा वेपॉइंटचा (मार्गावरच्या ठरवलेल्या बिंदूचा) रस्ता दाखवतो, आयएलएसचा नाही.

कोर्स भरताना अजून एक घोळ होतो. एफ-१० कळ दाबून उघडणाऱ्या नकाशावर मोजपट्टीने मोजलेली दिशा खऱ्या उत्तरेपासूनची असते आणि विमान चालतं चुंबकीय उत्तरेवर. कॉकेशस नकाशावर दोन्हींत सुमारे ६ अंशांचा फरक आहे. तो वजा करायचा. आकडा चुकला तरी बाजूचं विचलन खरंच दिसतं, कारण ते जमिनीवरच्या लहरींवरून निघतं. पण एचएसआयचं चित्र तिरकं दिसतं आणि हडवरचं (समोरच्या पारदर्शक काचेवरचं) कमांड स्टिअरिंगचं वर्तुळ भलतीकडे नेतं.

विमानात सगळं ठीक निघालं तर वारा बघा. आमच्या मते तुमचा दोष इथेच असावा. कुताइसीचं आयएलएस पश्चिमेकडून येऊन पूर्वेकडे तोंड करून उतरणाऱ्यांसाठी आहे. पश्चिमेचा वारा सुटला की डीसीएस उलटं टोक चालू धरतं आणि आयएलएस बंद होतं. मग काटे हलणार कसे? मिशन एडिटरमध्ये वाऱ्याचा आकडा तो कुठे वाहतो त्या दिशेचा असतो. हवामान खातं मात्र वारा कुठून येतो ते सांगतं. बातम्यांच्या सवयीने आकडा भरला की नेमका उलटा वारा लागतो. सरावासाठी वारा शून्य ठेवा, म्हणजे हा प्रश्नच मिटतो.

प्रश्न : काटे मिळतात, पण आडवा काटा सतत वरखाली पळतो. त्याच्या मागे लागून विमान लाटांवर चालल्यासारखं होतं आणि शेवटी एकतर लांब जातं, नाहीतर पट्टीच्या आधीच आदळतं. उपाय सांगा. (एक वाचक, खानापूर)

उत्तर : काट्याच्या मागे लागताय, हेच मूळ दुखणं. काटा चूक दाखवतो, चूक किती मोठी ते सांगत नाही. ते तुम्हाला अंतरावरून काढावं लागतं.

उतरणीचा किरण नरसाळ्यासारखा असतो, लांब रुंद आणि जवळ निमुळता. आडवा काटा मधून टोकाला गेला म्हणजे तुम्ही किरणाच्या मध्यापासून साधारण ०.७ अंश सरकलात. ५ सागरी मैलांवर याचा अर्थ सुमारे ३७० फूट. १ मैलावर तोच काटा तेवढाच सरकला तर फक्त ७५ फूट. लांबवर जेवढी दुरुस्ती करता तेवढीच जवळ केली की विमान किरण ओलांडून पलीकडे जातं, मग उलटी दुरुस्ती, आणि लाटा सुरू. उभ्या काट्याचंही तेच. त्याचं टोक म्हणजे सुमारे अडीच अंश.

म्हणून खरं काम किरणात शिरण्याआधी होतं. हा भाग घाईने उरकू नका.

उतरणीचा नेहमीचा कोन ३ अंश. त्यात दर सागरी मैलाला सुमारे ३१८ फूट उंची कमी होते. सरावात ३२० धरा. धावपट्टीच्या टोकावरून साधारण ५० फुटांवरून जायचं असतं, ते धरून ५ मैलांवर जमिनीपासून साधारण १,६५० फूट, ३ मैलांवर १,०००, १ मैलावर ३७०. हे तीन आकडे कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवा. काटा बिघडला किंवा मन गोंधळलं, तरी आकडे खोटं बोलत नाहीत.

आता एफ-१६चा क्रम. १५ मैलांवर जमिनीपासून २,००० फुटांवर सरळ पातळीत या. १० मैलांच्या आत उभा काटा मधोमध पाहिजे. ८ मैलांवर चाकं खाली करा. त्यासाठी वेग ३०० नॉटच्या खाली लागतो. मग थ्रॉटल कमी करून ११ अंश अँगल ऑफ अटॅकवर (पंख आणि समोरून येणारी हवा यांतल्या कोनावर) या. हडवर डावीकडे जो कंस दिसतो त्याच्या वरच्या टोकाशी फ्लाइट पाथ मार्कर (विमान खरंच कुठे चाललंय ते दाखवणारी खूण) आला म्हणजे ११ अंश झाले. वेगाचा आकडा पाठ करू नका. इंधन आणि शस्त्रांच्या वजनाप्रमाणे तो बदलतो, कोन बदलत नाही.

२,००० फुटांवर असाल तर किरण ६ मैलांच्या थोडं पलीकडे भेटतो. तोपर्यंत आडवा काटा वर असतो आणि हळूहळू खाली यायला लागतो. इथेच बहुतेक जण घाई करतात, काटा मध्यावर यायच्या आधीच नाक खाली घालतात. थांबा. काटा मधोमध येत असताना मार्कर क्षितिजाखाली ३ अंशांवर ठेवा. चाकं खाली असताना हडवर अडीच अंशांची तुटक रेघ दिसते. मार्कर तिच्या किंचित खाली ठेवला की झालं. तिथे तो गच्च धरा. काटा थोडा सरकला तर मार्कर अर्धा अंश वरखाली करा, पाच सेकंद बघा, मगच पुढची दुरुस्ती. बाजूच्या चुकीसाठी ५ मैलांबाहेर ५ अंशांपेक्षा जास्त वळू नका आणि आत आल्यावर २ अंश पुरे.

खाली उतरण्याचा वेग तपासायची साधी रीत आहे. जमिनीवरचा वेग नॉटमध्ये घ्या आणि पाचने गुणा. १५० नॉटला मिनिटाला ७५० फूट. काटेकोर गणित ८०० च्या जवळ जातं, पण हवेत एवढं पुरतं. व्हेरिओमीटर (चढ-उताराचा वेग दाखवणारं यंत्र) १,२०० दाखवत असेल तर काटा मधोमध असूनही काहीतरी बिनसलंय हे समजा.

किरणात कायम खालून शिरा. वरून शिरायला गेलात तर एक तर वेग आटोक्यात राहत नाही, आणि दुसरं म्हणजे खऱ्या आयएलएसमध्ये ३ अंशांच्या वर खोटे किरणही असतात. काटा मधोमध दिसतो आणि विमान दुप्पट-तिप्पट उतारावर असतं.

प्रश्न : पैसे न देता मिळणाऱ्या एसयू-२५टी वर शिकतोय. यात सगळं मीटर आणि किलोमीटरमध्ये. फुटांचं गणित इथं कसं लावायचं? आणि क्यूएनएच, क्यूएफई यांत फरक काय? (एक वाचक, संकेश्वर)

उत्तर : मीटरचं गणित उलट सोपं आहे. ३ अंशांवर दर किलोमीटरला ५२ मीटर. म्हणजे १० किलोमीटरवर ५२० मीटर, ५ वर २६०. वेग ताशी २७० किलोमीटरच्या आसपास असेल तर उतरण्याचा वेग सेकंदाला ४ मीटर. कीबोर्डवर १ दाबत गेलं की नेव्हिगेशनचे मोड बदलतात, लँडिंग मोड येईपर्यंत दाबा. विमानतळ चुकीचा निवडला गेला असेल तर डावा कंट्रोल आणि एकच्या डावीकडची कळ मिळून पुढचा विमानतळ येतो. चाकं टेकल्यावर पी दाबला की पॅराशूट उघडतं.

क्यूएनएच म्हणजे समुद्रसपाटीला धरून काढलेला हवेचा दाब, क्यूएफई म्हणजे धावपट्टीवरचा दाब. यातला एक अल्टिमीटरमध्ये (उंची दाखवणाऱ्या यंत्रात) लावायचा असतो. हे आपल्या बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या विमानतळावरून समजून घ्या. सांबरा समुद्रसपाटीपासून सुमारे २,५०० फुटांवर आहे. क्यूएनएच लावला तर धावपट्टीवर उभ्या विमानाचा अल्टिमीटर २,५०० दाखवतो, क्यूएफई लावला तर शून्य. समुद्रसपाटीचा दाब १०१३ हेक्टोपास्कल असेल तेव्हा सांबऱ्याचा क्यूएफई सुमारे ९२५ भरेल. भारतात क्यूएनएच वापरतात, जुन्या रशियन पद्धतीत क्यूएफई. एका पद्धतीचा आकडा ऐकून दुसऱ्या पद्धतीने वाचलात तर चूक थेट विमानतळाच्या उंचीएवढी. बातुमीसारख्या समुद्रकाठच्या तळावर ती जेमतेम जाणवते, म्हणून तिथे शिकलेल्यांना ही सवयच लागत नाही. आमचं मत, पहिल्या दिवसापासून क्यूएनएचवर शिका आणि जमिनीपासूनच्या उंचीच्या आकड्यांत तळाची उंची मिळवत जा.

प्रश्न : पावसाळ्यात सांबऱ्यावर ढग उतरले की विमानं घिरट्या घालतात. सिम्युलेटरमध्ये कुठपर्यंत खाली यायचं आणि कधी सोडून द्यायचं? (एक वाचक, शहापूर, बेळगाव)

उत्तर : साध्या, म्हणजे पहिल्या श्रेणीच्या आयएलएसला निर्णयाची उंची जमिनीपासून २०० फूट असते आणि धावपट्टीवरची दृश्यता किमान ५५० मीटर लागते. सांबऱ्याच्या उंचीवर हिशोब केला तर क्यूएनएचवर अल्टिमीटर २,७०० दाखवेल तेव्हा निर्णय. त्या क्षणी धावपट्टीचं टोक साधारण ९०० मीटर पुढे असतं. १५० नॉटला तिथे पोहोचायला ११ सेकंद लागतात. दिवे किंवा पट्टी दिसली नाही तर लगेच थ्रॉटल पुढे, नाक वर, विमान चढायला लागलं की चाकं वर. "अजून थोडं खाली बघू" हा विचार आला तर तो फेटाळा.

परत फिरताना कुठे वळायचं हे आधी ठरलेलं पाहिजे. बातुमीला १३ नंबरच्या पट्टीवर, ११०.३० फ्रिक्वेन्सीवर, समुद्रावरून येता. सुरेख रस्ता आहे, पण पट्टीच्या पुढे आणि डावीकडे डोंगर आहेत. सरळ चढत राहिलात तर ढगात डोंगर भेटतो. उजवीकडे, समुद्राकडे वळा. नवख्यांनी सुरुवात कोबुलेतीला करावी, फ्रिक्वेन्सी १११.५०. किंवा सेनाकीला, १०८.९०.

आणि धुक्यात शिकू नका. आधी निरभ्र हवेत, नजर फक्त यंत्रांवर ठेवून उतरा. २०० फुटांवर मान वर करा. पट्टी नाकासमोर असेल तर जमलं. सलग चांगलं जमायला लागल्यावर ढगाचा तळ ६०० मीटरला आणा, मग ३००. धुकं सगळ्यात शेवटी.

प्रश्न : हॉर्नेटमध्ये कुताइसीची फ्रिक्वेन्सी कुठे टाकायची तेच सापडत नाही. (एक वाचक, अथणी)

उत्तर : सापडणार नाही, कारण एफए-१८सीला, म्हणजे हॉर्नेटला, जमिनीवरचं आयएलएस नाहीच. कीपॅडवर आयएलएस नावाचं जे बटण आहे ते विमानवाहू जहाजाच्या आयसीएलएसचं, १ ते २० चॅनेलचं. कुताइसीला टॅकन (दिशा आणि अंतर सांगणारी रेडिओ यंत्रणा) ४४एक्स लावा. दिशा आणि अंतर मिळेल, उंची वरच्या आकड्यांवरून सांभाळा. उतरणीचा काटा हवा असेल तर जहाजावर जा, पण एक ध्यानात ठेवा. उतरायचा पट्टा जहाजाच्या दिशेपेक्षा सुमारे ९ अंश डावीकडे वळलेला असतो आणि जहाज पुढे चाललेलं असतं, त्यामुळे पट्टा सतत उजवीकडे सरकतो. हॉर्नेट ८.१ अंश अँगल ऑफ अटॅकवर ट्रिम करून टाका (म्हणजे काठी न ओढता तो कोन टिकेल) आणि उंची थ्रॉटलने सांभाळा. एफ-१६मध्ये मार्कर काठीने धरायचा आणि कोन थ्रॉटलने, इथे बरोब्बर उलटं. एकावरची सवय दुसऱ्यावर नेलीत की खानापूरच्या वाचकांच्या लाटा पुन्हा सुरू होतील.

प्रश्न : स्वस्तातली जॉयस्टिक आहे. हात स्थिर ठेवला तरी विमान डुलतं. नवीन घेऊ का? (एक वाचक, चिकोडी)

उत्तर : आधी डीसीएसच्या कंट्रोल्समधलं अॅक्सिस ट्यून उघडून काठी सोडून द्या आणि रेषेवरचा ठिपका बघा. तो हात न लावता थरथरत असेल तर आतल्या पोटेन्शिओमीटरवर धूळ बसलीय किंवा तो झिजलाय. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून काठी चारही दिशांना भरपूर फिरवा, बहुतेक वेळा थरथर जाते. नाहीच गेली तर डेडझोन २ ते ४ ठेवा, त्याहून जास्त नको. डेडझोन वाढवला की मधला भाग मेलेला राहतो आणि लहान दुरुस्ती करताच येत नाही, आयएलएसवर तर नेमकी तीच लागते. ठिपका स्थिर असेल तर दोष काठीचा नाही. कर्व्हेचर १५ ते २० करून बघा, मधल्या हालचाली मऊ होतील. एवढं करूनही ठिपका मध्यावर परत येत नसेल तरच पैसे घाला, आणि घ्यालच तर चुंबकीय हॉल सेन्सरवाली घ्या. तिच्यात घासणारा भाग नसतो.