टेम्प्लेट छान दिसतं, पण माझा मराठी मजकूर टाकला की पोस्टर हौशी वाटतं. कोर्स न करता डिझाइन कसं सुधारू?

तुम्ही लिहिलंय की यूट्यूबवर बघून कॅनव्हा आणि थोडं फोटोशॉप शिकलात, टूल्स हाताळता येतात, पण वाचनालयाचं किंवा मंडळाचं पोस्टर करायला घेतलं की टेम्प्लेटचा सगळा डौल जातो. मीही कुठल्या कला महाविद्यालयात शिकलेले नाही. आज पुस्तकांची मुखपृष्ठं आणि कार्यक्रमांची पोस्टर्स हेच माझं काम आहे. म्हणून ठामपणे सांगते, तुम्हाला आणखी टूल्स शिकायची गरज नाही. आधी देवनागरी अक्षर नीट बसवायला शिका. मराठी पोस्टरचा निम्म्याहून जास्त भाग मजकुराचाच असतो आणि तुमचं घोडं तिथेच अडलंय.

बहुतेक टेम्प्लेट्स रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून केलेली असतात. मथळा कॅपिटलमध्ये, अक्षरं एकमेकांपासून लांब-लांब, फॉन्ट बारीक, ओळी एकमेकींना चिकटून. त्याच चौकटीत 'शारदीय व्याख्यानमाला' टाकून बघा. देवनागरीत कॅपिटल नाहीत, त्यामुळे मथळ्याचा तो ठसठशीतपणा आपोआप जातो. अक्षरांमधलं अंतर तसंच राहिलं तर शिरोरेषा जागोजागी तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. ओळींचं तर विचारूच नका. आपल्याकडे अक्षराच्या वर वेलांटी, रफार, अनुस्वार असतात आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षरांचे पाय. वरच्या ओळीत 'दृष्टी' आणि तिच्या बरोबर खाली 'मूर्तींचे' आलं की ऋकार आणि रफार एकमेकांत घुसतात. म्हणून पहिली दुरुस्ती अशी: अक्षरांमधलं जादा अंतर शून्यावर आणा, ओळींमधलं अंतर अक्षराच्या मापाच्या दीडपटीच्या आसपास न्या आणि मथळ्याला जाड वजनाचा (वजन म्हणजे अक्षराच्या रेघेची जाडी) फॉन्ट घ्या. मजकूर दोन्ही कडांना ताणून बसवू नका. मराठी शब्द लांब असतात, मग मध्येच भगदाडं पडतात. डावीकडून सरळ सुरू करा आणि उजवी कड मोकळी सोडा.

फॉन्ट एकच घ्या, पण भरपूर वजनं असलेला. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा 'मुक्त' हा फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो आणि त्यात अगदी बारीक ते अगदी जाड अशी वजनं आहेत. मथळा जाड, मजकूर साधा, एवढ्यावर पुष्कळ पोस्टर्स उत्तम होतात. गोलसर, खेळकर काम असेल तर त्यांचाच बलू. पुस्तकी, गंभीर मजकुराला टिरो देवनागरी मराठी बघा. त्यात ल आणि श आपल्या मराठी वळणाचे येतात. इतर अनेक फॉन्टमध्ये ही वळणं दडलेली असतात आणि मजकुराची भाषा मराठी निवडल्याशिवाय दिसत नाहीत. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत वेलांटी भलतीकडे जाते, जोडाक्षरं सुटी पडतात. तिथे प्रेफरन्सेसमध्ये टाइप या भागात जाऊन वर्ल्ड-रेडी लेआउट निवडा आणि आधीच केलेल्या मजकुराला परिच्छेदाच्या पॅनेलमधून तेच लावा.

आता एक पोस्टर माझ्याबरोबर करून बघा. वाचनालयाचा माणूस तुम्हाला साधारण असा मजकूर पाठवतो: वरती संस्थेचं नाव आणि नोंदणी क्रमांक, मग 'सर्वांना सप्रेम निमंत्रण', मग व्याख्यानमालेचं नाव, वक्ते, त्यांची पदं, विषय, दिनांक, वार, वेळ, स्थळ, अध्यक्ष, कार्यवाह, विश्वस्त. हौशी पोस्टरमध्ये हे सगळं याच क्रमाने, जवळपास एकाच आकारात आणि मधोमध येतं. कोरा ए-फोर घ्या, एकही चित्र नको, रंग फक्त काळा. सायकलवरून जाणाऱ्या माणसाला काय कळायला हवं ते ठरवा. विषय काय, कोण बोलणार, कधी आणि कुठे. विषय ६० पॉइंटला, जाड. वक्त्याचं नाव ३०ला. दिनांक, वेळ, स्थळ एकत्र, २२ ते २४ला. बाकी सगळं १२ला, खाली. आकारांत फरक असा हवा की तो लांबूनही दिसेल. २४ आणि २८ शेजारी ठेवले तर डोळ्याला तो गोंधळ वाटतो.

मग मोकळी जागा. एकमेकांशी संबंध असलेल्या गोष्टी जवळ आणा आणि दोन गटांमध्ये त्या अंतराच्या तिप्पट तरी जागा सोडा. दिनांक आणि वेळ यांच्यात फारशी जागा नको, पण त्यांच्यात आणि वक्त्याच्या नावात भरपूर हवी. नवशिक्याला रिकामी जागा दिसली की तिथे फुलाची वेल किंवा चांदण्या टाकाव्याशा वाटतात. तो मोह आवरा. सगळ्या ओळींना एकच डावी कड द्या. एवढं झाल्यावर पान भिंतीला लावून सहा-सात पावलं मागे या आणि डोळे बारीक करून बघा. आधी विषय दिसला, मग नाव, मग तारीख, तर पाया पक्का झाला. रंग आणि चित्र त्यानंतर. रंग दोनच घ्या आणि पोस्टर कृष्णधवल करून तपासा. लाल पार्श्वभूमीवरचं हिरवं अक्षर कृष्णधवल केलं की अनेकदा गायबच होतं, म्हणजे उन्हात उभ्या माणसालाही ते नीट वाचता येणार नाही.

अध्यक्षांचा आणि पुढाऱ्यांचा फोटो हवाच, असा आग्रह होतो. वाद घालण्यापेक्षा सगळे फोटो एकाच मापात, चेहरे सारख्या उंचीवर, खालच्या एका पट्टीत बसवा. मान राखला जातो आणि विषयाची जागाही वाचते.

आता नजरेबद्दल, कारण मला सगळ्यात जवळची गोष्ट ती आहे. गावातल्या ग्रंथालयात जुने दिवाळी अंक असतील तर बसून बघा. चित्रकार दीनानाथ दलालांच्या 'दीपावली'ची मुखपृष्ठं बघा, नावाची अक्षरं कुठे बसवलीत आणि चित्राने त्यांना जागा कशी करून दिलीय ते बघा. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या वर्तमानपत्री जाहिरातींसाठी काढलेली शीर्षकं शोधा. एवढ्याशा चौकोनात, बहुतेक वेळा नुसत्या काळ्या-पांढऱ्यात, नाटकाचा सगळा स्वभाव अक्षरांत उतरलेला असतो. त्यातलं एक निवडा, ट्रेसिंग पेपर ठेवून पेन्सिलीने गिरवा. वेलांटी किती लांब ओढलीय, शिरोरेषा कुठे मुद्दाम सोडलीय, उकार पुढच्या अक्षराखाली कसा सरकवलाय, हे हाताला कळतं ते स्क्रीनवर बघून कळत नाही. नंतर तेच इंकस्केप या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये पेन टूलने काढा. इंकस्केप फुकट आहे आणि देवनागरी व्यवस्थित दाखवतं. हा सराव स्वतःपुरता ठेवा, कुणाचं काम आपलं म्हणून देऊ नका. आणि एसटी स्टँडवरच्या, दुकानांवरच्या हाती रंगवलेल्या पाट्यांचे फोटो काढत राहा. यात्रा वन हा फॉन्ट मुंबईच्या लोकल स्थानकांवरच्या अशाच हाती रंगवलेल्या पाट्यांवरून घडलाय, म्हणजे बघा त्या पाट्यांत किती ऐवज आहे.

पोस्टर कुठे बघितलं जाणार, यावर मापं ठरतात. व्हॉट्सअ‍ॅपसाठी १०८० बाय १३५० पिक्सेल घेतलंत तर ते फोनवर जेमतेम सात सेंटिमीटर रुंद दिसतं. त्यात २४ पिक्सेलचं अक्षर दीड मिलिमीटरचं होतं, आजीला काय कुणालाच वाचता येत नाही. ४०च्या खाली जाऊ नका. फ्लेक्ससाठी ढोबळ हिशोब असा की दर १० फूट अंतराला अक्षराची उंची १ इंच. रस्त्यापलीकडून, ५० फुटांवरून वाचायचं असेल तर ५ इंच.

झालेलं काम दाखवताना 'कसं वाटलं?' असं विचारू नका, सगळे 'मस्त' म्हणतात. पाच सेकंद दाखवा, फोन बाजूला घ्या आणि विचारा, 'कार्यक्रम कधी आहे? कुठे?' उत्तर आलं नाही तर कुठे दुरुस्ती हवी ते तुम्हाला लगेच कळेल.

छापायला देताना पार्श्वभूमी कडेच्या बाहेर ३ मिलिमीटर जादा वाढवा, रंग सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या रंगपद्धतीत, बघून घ्या (स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा कागदावर मंद पडतो) आणि मजकुराच्या आउटलाइन करून, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून, पीडीएफ द्या. तुमचा फॉन्ट दुकानातल्या कॉम्प्युटरवर नसेल तर जोडाक्षरं फुटतात. आउटलाइन केल्यावर मजकूर टाइप करून बदलता येत नाही, तेव्हा मूळ फाइल वेगळी जपून ठेवा आणि त्याआधी नावं, पदं, तारीख आणि वार संस्थेच्या माणसाकडून कागदावर तपासून घ्या, फोनवर नाही.